पुण्याला पाठवलेली गाठ

डॉ. सरोज पारधे यांच्या स्मरणसभेला भिंगारमध्ये हॉल भरला होता, आणि बोलायला उभ्या राहिलेल्यांपैकी एकानेही त्यांना ओळखलेलं नव्हतं. हे वाक्य काहींना झोंबेल. झोंबू दे. कुणी म्हणालं, त्या मायेचा सागर होत्या. कुणी म्हणालं, त्यांच्या नुसत्या बोलण्यानंच निम्मा आजार पळायचा. फ्लेक्सवर त्यांच्या फोटोमागं ढग आणि पांढरी कबुतरं लावली होती. बाई असत्या तर त्यांनी आधी कबुतरं काढायला लावली असती आणि मग फोटोतल्या स्वतःच्या दातांकडं बघून म्हणाल्या असत्या, “हे दात माझे नाहीत, फोटोवाल्यानं घासलेत.”

बोलण्यानं आजार पळायचा म्हणे! पारधेबाईंचं सगळं दुःखच बोलण्याशी होतं. त्या बोलत नसत. नेमकं तेच कुणी सांगितलं नाही, म्हणून मी लिहितेय.

मी तंबाखूविरोधी मोहिमेत काम करते. पत्रकं लिहायची, बाजारच्या दिवशी वाटायची आणि टपरीवाल्यांच्या शिव्या खायच्या, हे माझं शिक्षण. आमच्या तपासणी शिबिरासाठी दातांचा डॉक्टर हवा होता, म्हणून मी भिंगारच्या जुन्या बाजारातल्या त्यांच्या दवाखान्यात गेले. अरुंद जिना, वर दोन खोल्या. खुर्चीत पेशंट तोंड उघडून बसलेला. मी माझं पत्रक पुढं केलं. बाईंनी हातमोजा न काढता ते दोन बोटांत धरलं, वाचलं आणि म्हणाल्या, “बाहेर थांब.” पेशंट संपेपर्यंत मी जिन्यात उभी.

पत्रकावर मोठ्या अक्षरात होतं: तोंडातली गाठ म्हणजे मरणाची नोटीस! खाली सडलेल्या जबड्याचा फोटो.

“ही नोटीस काढायचा अधिकार तुला कुणी दिला?” बाईंनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता, हाच त्यांचा ताप होता. मग त्यांनी मोठ्या माणसाच्या हिरडीवर काय काय उगवतं ते ऐकवलं. दातावर कीटण साचलं की तिथं मांस वाढतं. गरोदर बाईला गाठ येते, बाळंत झाल्यावर बहुतेक वेळा बसते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी, फिटच्या काही गोळ्यांनी हिरडी फुगते. आणि मग काही गाठी अशा की दातांच्या डॉक्टरला आयुष्यात एखादी दिसली तर दिसली. साध्याच, पण दुर्मिळ. त्यांची नावं त्यांनी अशी घेतली, जशी माहेरची माणसं लांबच्या चुलत्यांची घेतात. “यातल्या कुणाकुणाला नोटीस द्यायची?”

मी म्हणाले, लोक घाबरल्याशिवाय येत नाहीत.

“घाबरलेला माणूस येत नाही, पोरी. तो घरी बसतो.”

मी तो मथळा बदलला. ‘तोंडात गाठ दिसली तर दाखवा.’ पत्रक म्हणून त्यात काही जीव राहिला नाही असं मला वाटलं आणि मी ते बाईंना सांगितलंही. त्या म्हणाल्या, मग जीव असलेलं दुसरं काहीतरी लिही, खरं असलेलं. त्या दिवसापासून आमचं जमलं.

बाईंना गोड लागायचं. दातांची डॉक्टर आणि टेबलाच्या खणात गुळाचा खडा, बटर पेपरात गुंडाळलेला. गळिताच्या हंगामात राहुरीकडचे पेशंट ताजा गूळ आणून द्यायचे आणि त्या त्यांच्यासमोरच तो खायच्या. कुणी टोकलं तर म्हणायच्या, “मी खाऊन चूळ भरते. तुम्ही भरता का?” काम करताना चर्चच्या उपासनेतलं एखादं गाणं गुणगुणायच्या, पण दाढ निघायला हट्ट करू लागली की गाणं बंद. नेहमीच्या पेशंटना हे माहीत होतं. गाणं थांबलं की ते खुर्चीचे हात घट्ट धरायचे. लोकांच्या चेहऱ्याकडं न बघता त्या हिरड्यांकडं बघायच्या. आमच्या एका कार्यक्रमात प्रमुख पाहुणे व्यासपीठावर खदाखदा हसत होते. बाई माझ्या कानाशी लागल्या, “याची वरची डावी दाढ पू धरून बसलीय. भाषण लांबणार नाही बघ.” आणि खरंच लांबलं नाही.

पण त्यांची ओळख होती ती बाटलीची. बाजारात त्यांना ‘बाटलीवाली डॉक्टरीण’ म्हणत आणि त्यावर व्हायचे ते विनोद व्हायचे. तोंडातून कापलेलं काहीही, अगदी तांदळाएवढं का असेना, त्या औषधाच्या छोट्या बाटलीत घालून नगरच्या पॅथॉलॉजिस्टकडं पाठवायच्या. आजूबाजूचे डॉक्टर बारीकसारीक गाठ काढून कचऱ्यात टाकत. बाई टाकत नसत. एक निवृत्त स्टोअरकीपर होते, लष्कराच्या डेपोत नोकरी केलेले. त्यांच्या हिरडीवरची गाठ काढून बाईंनी बाटलीत घातली तेव्हा ते चिडले, एवढ्याशा फोडाची कसली चौकशी म्हणून. रिपोर्ट साधा आला. तेव्हा तर आणखीनच चिडले. “एवढं सगळं करून साधीच निघाली?” जणू बाईंनी त्यांचा मान राखला नव्हता. बाई म्हणाल्या, “पुढच्या वेळी जरा बरी घेऊन या.”

आणि बाटली गेली की रिपोर्ट येईपर्यंत बाई एक शब्द बोलायच्या नाहीत. ‘काळजी करू नका’ नाही, ‘बहुतेक साधी आहे’ नाही. कुणी रडलं, कुणी पाया पडलं, कुणाच्या नवऱ्यानं टेबलावर हात आपटला, तरी उत्तर एकच: रिपोर्ट येऊ दे, मग बोलू. मी एकदा त्यांना तोंडावर विचारलं, तुम्हाला बघून अंदाज येतो, मग सांगत का नाही? त्यांनी गुळाचा खडा तोंडात टाकला आणि बराच वेळ चघळला.

“मी तरुणपणी एकाला ‘काही नाही’ म्हणाले होते. ते काहीतरी होतं.”

एवढंच. पुढं विचारायची माझीही छाती झाली नाही.

आता मंगलची गोष्ट. ही स्मरणसभेत कुणी काढली नाही, कारण तिथं कुणाला ती माहीत नव्हती.

देवळाली प्रवराला आमचं शिबिर होतं. मंगल चाळिशी ओलांडलेली, घरचा ऊस, दोन म्हशी, नवरा रावसाहेब शांत स्वभावाचा. लग्नाआधीपासून दातांना तंबाखूची मिश्री लावायची. खालच्या पुढच्या दातांपाशी हिरडीवर गुलाबी, टणक गाठ, बोराएवढी. दुखत नव्हती, रक्त येत नव्हतं. दोन दात मात्र गाठीनं बाजूला सारले होते. मंगलबरोबर तिची मुलगी आली होती, प्रतीक्षा. बारावी झालेली, नगरला नर्सिंगला नंबर लागलेला. पोरगी चुणचुणीत. आईची नोंद तिनंच केली, ‘मिश्री कधीपासून’ या रकान्यात आई खोटं सांगत होती ते तिनं सगळ्यांसमोर दुरुस्त केलं. मंगल म्हणाली, “घ्या, आत्तापासूनच सिस्टर झाली ही. आईलाच इंजेक्शन टोचायला निघाली.” रांगेतल्या बाया हसल्या. बाईही हसल्या. मग टॉर्च लावून आत बघितलं आणि हसणं थांबलं. काळजीनं नव्हे. अशी गाठ त्यांनी याआधी कधी पाहिली नव्हती.

पुढच्या आठवड्यात भिंगारला एक्स-रे काढून बाईंनी गाठ मुळासकट काढली. बाटलीत घातली. मंगल तोंडात बोळा धरून बसली होती, तिनं तो काढला आणि विचारलं, “बाई, वाईट हाय का?”

“रिपोर्ट येऊ दे, मग बोलू.”

मंगलनं मान हलवली आणि बोळा परत तोंडात धरला.

आमच्याकडं डॉक्टरनं ‘मग बोलू’ म्हटलं की लोक काय समजतात, हे शहरात शिकलेल्यांना कळणार नाही. इथं वाईट बातमी पेशंटला सांगायची नसते. डॉक्टर नातेवाइकाला बाजूला घेतो, नातेवाईक घरी येऊन म्हणतो, काही नाही, अशक्तपणा आहे. त्यामुळं ‘काही नाही’ हे शब्दसुद्धा खोटे असू शकतात, आणि जिथं डॉक्टर तेवढंही म्हणत नाही तिथं उरलं काय? मिश्री लावणारी बाई, तोंडात गाठ, डॉक्टर गप्प. गावानं निकाल लावून टाकला. जावेनं तिची ताट-वाटी वेगळी केली. शेजारणी तिच्याकडं बघून आवाज खाली आणू लागल्या.

रिपोर्ट आला नाही. नगरच्या पॅथॉलॉजिस्टला सूक्ष्मदर्शकाखाली काचेवर जे दिसलं ते नेहमीचं नव्हतं. वाईट नव्हतं, वेगळं होतं. अशी गाठ क्वचित कुणाच्या बघण्यात येते, चुकायला नको, म्हणून त्यांनी नमुना पुण्याच्या मोठ्या तज्ज्ञाकडं पाठवला. बरोबरच केलं. बाई तर खूश झाल्या, अशी माणसं आहेत म्हणून आपण झोपू शकतो म्हणाल्या. मंगलच्या घरून फोन आला तेव्हा त्यांनी खरं होतं तेच सांगितलं, पुण्याला पाठवलंय.

पुण्याला पाठवलंय!

ससेहोलपट काय असते ते या जिल्ह्यातल्या कुठल्याही घराला विचारा. तालुक्याच्या दवाखान्यात हात टेकले की नगर, नगरला हात टेकले की पुणे. पुण्याला नेलेल्या माणसाची गाडी परत येते तेव्हा तिच्यात माणूस कसा असतो, हे सगळ्यांनी बघितलेलं असतं. काचेचा तुकडा कुरिअरनं गेला होता. मंगलच्या घरात मात्र मंगलच पुण्याला गेली.

तिनं रडून काढला असेल एखादा दिवस. मग ती कामाला लागली. डोळ्यांदेखत पोरीचं करून टाकायचं. भावानं अकोले तालुक्यातलं एक स्थळ आधीच सुचवून ठेवलेलं होतं, भंडारदऱ्याच्या वाटेवर मुलाचं हॉटेल, माणसं चांगली. प्रतीक्षा आधी नाही म्हणाली. मग आई म्हणाली, मी असताना हो म्हण, मी गेल्यावर तुला विचारणारं कोण? यावर कुठली पोरगी काय बोलणार? नर्सिंगची जागा तिनं स्वतः जाऊन सोडली. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण पुढं लोक म्हणाले, तिचीच इच्छा होती. आईच्या तोंडात गाठ येते आणि ऑपरेशन होतं ते मुलीच्या शिक्षणाचं, हे आमच्याकडं इतक्या सहज चालतं की त्याला कुणी अन्यायसुद्धा म्हणत नाही. प्रसंग म्हणतात.

भिंगारला यातलं काहीच माहीत नव्हतं. पुण्याचा रिपोर्ट आला तेव्हा मी दवाखान्यातच होते. बाईंनी तो उभ्यानं वाचला, मग खुर्चीत बसून परत वाचला. “साधी आहे. दुर्मिळ, पण साधी. दात घडतात ना, त्या पेशींतल्या काही हिरडीत मागं राहतात, त्यांच्यापासून वाढलेली. कॅन्सर नाही. परत उगवू शकते, म्हणून अधूनमधून बघायची, बस.” लगेच फोन लावला. मंगलचा बंद, रावसाहेबांचा कुणी उचलेना. शेवटी कुणीतरी पोरानं उचलला आणि वाजंत्रीच्या आवाजात ओरडून सांगितलं, आज लग्न हाय, उद्या करा.

“कुणाचं?” बाईंनी विचारलं.

मग त्यांनी बाहेरच्या पेशंटना सांगितलं की उद्या या, आणि आम्ही त्यांच्या जुन्या गाडीतून निघालो. राहुरी फॅक्टरीपाशी उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकलो तेव्हा त्यांनी एकदा हॉर्न दाबला तो सोडलाच नाही. पुढचा ट्रॅक्टरवाला खाली उतरून आला, आत पांढऱ्या केसांची बाई बघून परत गेला.

पोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. पंगती चालू होत्या. मंगल नव्या साडीत, आम्हाला बघून धावत आली. तिला वाटलं बाई लग्नाला आल्यात. “बाई, तुमाला निरोप द्यायचा राहिला, लई घाईत झालं सगळं. चला, आधी जेवून घ्या.” तिनं बाईंचा हात धरून त्यांना पंगतीकडं ओढलं. बाईंनी तिला मांडवामागं, जिथं पाण्याचा टँकर उभा होता, तिथं नेलं.

“मंगल, रिपोर्ट आला. तुला काही नाही. गाठ साधी होती.”

मंगल हसली, पण विश्वास ठेवणारं हसणं नव्हतं ते. “मला खरं सांगा. आता मला भ्या न्हाई. पोरीचं झालं.”

“खरंच सांगतेय. कॅन्सर नाही.”

“मंग पुण्याला का पाठवलं?”

बाईंनी सांगितलं. दुर्मिळ म्हणून, खात्री करायला म्हणून. मंगल ऐकत होती आणि तिचे डोळे बाईंच्या खांद्यावरून मांडवाकडं जात होते. मग ती टँकरच्या चाकाला टेकून खाली बसली. नव्या साडीला चिखल लागला. आनंदानं रडतेय का कशानं, मला कळलं नाही. तिलाही कळत नसावं. एवढंच म्हणाली, “तवाच का न्हाई बोललात, बाई?”

प्रतीक्षा आली ती आईला शोधत, मुंडावळ्या अजून कपाळावर. काय झालं म्हणून तिनं आईला नाही, बाईंना विचारलं. बाईंनी तिलाही सांगितलं. पोरीचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, झालं, सगळं सुटलं. तिनं आईला उठवून घट्ट धरलं. आणि मग धरलेल्या हातातला हिरवा चुडा तिला दिसला असावा, कारण ती सावकाश मागं झाली.

“बरं झालं, मॅडम,” ती म्हणाली. “आई वाचली, ह्ये लई बरं झालं.”

तिकडून कुणीतरी नवरीला हाक मारली आणि ती गेली.

परतताना गाडी मी चालवली. बाई शेजारी बसल्या होत्या. मी संतापून बोलत सुटले होते: गाव, मामा, जाऊ, पुण्याशिवाय कुठं काही कळू न देणारी व्यवस्था, सगळ्यांना झोडपत होते. बाईंनी मला थांबवलं नाही. विळद घाट आला तेव्हा म्हणाल्या, “मी तिच्याशी खोटं बोलले नाही. मला वाटायचं तेवढं पुरतं.”

त्यानंतर त्या दोनदा अकोल्याकडं जाऊन आल्या. सासरचे लोक खरंच चांगले निघाले, तीच तर पंचाईत. चहा दिला, जेवायला बसवलं. सासरे म्हणाले, शिकू द्या ना, आमची कुठं ना आहे, यंदा हंगाम होऊ द्या, पुढच्या वर्षी बघू. पावसाळ्यात धबधबे बघायला माणसं येतात तेव्हा हॉटेलात हात कमी पडतात. पुढच्या वर्षीही हंगाम होताच. अशा चांगल्या माणसांविरुद्ध पत्रक कसं लिहायचं, हे मला आजही माहीत नाही.

पण भिंगारच्या दवाखान्यात काहीतरी बदललं. बाटली तशीच राहिली. बाईंचं गप्प राहणं गेलं. गाठ काढली की त्या आता पेशंटसमोर स्टूल ओढून बसायच्या आणि गुडघ्याला गुडघा लावून सांगायच्या, “मला ही साधी वाटतेय. माझं चुकू शकतं, म्हणून तपासायला पाठवतेय. पुण्याला गेली तर ती वेगळी आहे म्हणून जाईल, वाईट आहे म्हणून नाही.” मग मऊ खायचं, गरम टाळायचं, मिठाच्या पाण्यानं चूळ भरायची, हे सगळं. आणि त्याच सुरात शेवटी, “रिपोर्ट येईपर्यंत घरात काही ठरवायचं नाही. लग्न नाही, जमीन नाही, कुणाची शाळा नाही.” पेशंट गोंधळून बघायचे. दाताच्या बाईला आमच्या जमिनीचं काय? त्या तेच परत म्हणायच्या, त्यांच्याकडून म्हणवून घ्यायच्या. एक म्हातारा म्हणाला, बाई, माज्याकडं जमीनच न्हाई. त्या म्हणाल्या, मग विकत घेऊ नका.

लोक हसायचे. त्या हसायच्या नाहीत.

मंगल तपासायला येत राहिली. मी बाईंना शेवटचं पाहिलं ते अशाच एका दिवशी. त्यानंतर मी पाथर्डीकडच्या कामावर गेले आणि पावसाळ्यात बाई झोपेतच गेल्याचं कळलं. त्या शेवटच्या भेटीच्या दिवशी मंगलबरोबर प्रतीक्षा होती, कडेवर मूल. जावई खाली गाडी चालू ठेवून उभा. बाईंनी मंगलच्या तोंडात बघितलं आणि आरसा बाहेर काढायच्या आतच सांगितलं, “स्वच्छ आहे. काही नाही.” मंगल उठली, पदर सारखा केला, निघाली. प्रतीक्षा हलली नाही. तिनं मूल आईकडं दिलं आणि विचारलं, “मॅडम, ती गाठ नेमकी कशापासून आलती? म्हंजे दात तर कवाच येऊन गेल्ते. मग त्या पेशी तिथं कशाला थांबल्या?”

एवढ्या दिवसांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. गावानं नाही, मंगलनं नाही, मीसुद्धा नाही. बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांनी उजव्या हाताची मूठ वळली आणि एप्रनची बाही ओढून तिच्यावर घेतली. मूठ म्हणजे दात, बाही म्हणजे हिरडी. दात असा वर येतो, त्याला घडवणाऱ्या पेशींचं काम संपतं, पण सगळ्याच जात नाहीत. प्रतीक्षा जवळ सरकली. तिनं बाहीच्या काठावर बोट ठेवलं, म्हणजे इथं राहतात का? बाई म्हणाल्या, बरोबर, तिथंच. मग त्या उगाच का जाग्या होतात, कशानं होतात? बाई म्हणाल्या, ते पूर्ण कळलेलं नाही, पण काही जणांचं असं म्हणणं आहे की—

खाली हॉर्न वाजला. परत वाजला. मंगल जिन्यातून म्हणाली, चल गं, घाटात अंधार हुईल. प्रतीक्षानं बाईंकडं बघितलं, “येते, मॅडम,” म्हणाली आणि उतरून गेली. जिन्यात मुलाचा रडण्याचा आवाज, मग गाडीचा.

बाई खोलीच्या मधोमध उभ्या होत्या. मूठ वळलेली, बाही तिच्यावर ओढलेली. खाली पुढचा पेशंट ओरडून विचारत होता, वर येऊ का म्हणून, आणि त्यांनी हात खाली घेतला नव्हता.